खोकल्यासकट गाणें

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसें महाभारत झालें. कारण पाहूं गेल्यास इतकें क्षुल्लक कीं, त्याचा या सदरांत उल्लेख करावा कीं करूं नये, या विचारांत आमचे दोन दिवस गेले. परंतु येथें आम्हीं आजवर जुनीं नाणीं, टपालाचीं तिकिटें, पितळी अडकित्ते, एवढेंच काय पण लग्नपत्रिकाही जमविणाऱ्या मंडळींची ओळख वाचकांस करून दिलेली आहे. मग खुद्द आपल्याच माडीवर चाललेल्या छंदाविषयीं मौन धरणें हें आम्हांस पक्षपाताचें वाटूं लागलें. तंटा होता आमचे वडील बंधू व आमचे पुतणे यांच्यामध्यें. आणि तंट्याचा विषय होता, अर्धशतकापूर्वीं लंडन येथें झालेल्या एका जलशाचें, श्रोत्यांपैकीं कोणीं तरी चोरून केलेलें ध्वनिमुद्रण.

बंधू १९७१ साली यंत्रशास्त्राच्या पुढील शिक्षणासाठीं विलायतेस गेले, ते तीन वर्षें तिकडे होते. जातांना आईनें बरोबर मेतकूट दिलें होतें व वडिलांनीं ज्ञानेश्वरी. परत येतांना त्यांच्या ट्रंकेंत ज्ञानेश्वरी होतीच. पण तिच्या खालीं चार अशा ध्वनिमुद्रिका निघाल्या कीं, त्यांच्या वेष्टनांवरील चित्रें पाहून आमच्या आत्याबाईंनीं पदर तोंडास लावला. त्या चित्रांतील तरुणांनीं डोळ्यांत काजळ घातलें होतें, गालांवर चमकी लावली होती, व पायांत वीतभर उंच टांचांचे जोडे घातले होते. हाच तो ‘ग्लॅम रॉक’ नांवाचा प्रकार. १९७१ च्या मार्च महिन्यांत टी. रेक्स या संचाचा गायक मार्क बोलन डोळ्यांखालीं चमकी लावून बी.बी.सी.च्या पडद्यावर आला, तेथून या लाटेचा आरंभ मानण्याची रीत आहे. मागोमाग स्लेड, स्वीट, रॉक्सी म्यूझिक, मॉट द हूपल हीं मंडळी आलीं. आणि १९७२ च्या आरंभीं डेव्हिड बोवी यानें ‘झिग्गी स्टारडस्ट’ या नांवाचें एक परग्रहवासी सोंग घेऊन सर्वांवर कडी केली. तीनचार वर्षांत लाट ओसरलीही. आत्याबाईंना बंधूंनीं तेव्हां दिलेलें उत्तर आम्हांस अद्याप आठवतें. ते म्हणाले, “आत्या, तूं बालगंधर्वांचा शालू पाहायला रात्र रात्र जागलीस, तेव्हां आजीनें तुला कांहीं विचारलें होतें का?” आत्याबाई गप्प झाल्या. पुरुषानें रंगभूमीवर नटावें यांत महाराष्ट्रानें तरी नवल मानूं नये, हें खरेंच होय. शिवाय या मेळ्यांतील एक नट आमच्या पांचगणींतच वाढला होता. क्वीन या संचाचा फ्रेडी मर्क्युरी म्हणजे तेथील सेंट पीटर्स शाळेंत शिकलेला फरोख बुलसारा. १९७३ च्या अखेरीस मॉट द हूपल यांच्या दौऱ्यांत त्यांच्या आधीं गाऊन क्वीनची मंडळी विलायतेंत पुढें आली.

आतां तो जलसा. तारीख १२ मे १९७३, वार शनिवार. बोवी जपानचा दौरा आटोपून नुकताच परतला होता. विमानाची भीति असल्यामुळें तो जहाजानें सैबेरियाच्या किनाऱ्यास लागला व तेथून आगगाडीनें मॉस्कोवरून घरीं आला, हें त्या वेळीं लंडनमध्यें सर्वतोमुखीं होतें. जलसा ठेवला होता अर्ल्स कोर्ट येथें. ही इमारत १९३७ साली प्रदर्शनांसाठीं उघडली. मोटारगाड्या, नौका व घरगुती सामान मांडावें अशी ती जागा. तेथें सुमारें १८,००० माणसें जमलीं, आणि ध्वनिवर्धकांची योजना मात्र लहान नाट्यगृहास पुरेल एवढीच. मागल्या भागांतील लोकांस ना धड दिसे ना ऐकूं येई. मग लोक पुढें रेटूं लागले, खुर्च्यांवर उभे राहिले, हाणामाऱ्या झाल्या, गाणें मध्येंच थांबवावें लागलें. संगीतविषयक वृत्तपत्रांनीं यथेच्छ झोड उठविली, व त्याच जागीं जूनअखेर ठरलेला दुसरा जलसा रद्द करण्यांत आला. आमचे बंधू आपल्या एका कोल्हापूरकडील सोबत्यासह अगदीं मागल्या बाजूस बसले होते. महिनाभर एक वेळ बटाटे खाऊन त्यांनीं तिकिटाचे पैसे जमविले होते, आणि त्या रात्रीं आपण नेमकें काय ऐकलें असें विचारल्यास ते आजही सांगतात, “दोन ढोल, एक किंकाळी, आणि पुढल्या रांगेतल्या उंच माणसाची पाठ.”

चिरंजीवांनीं (म्हणजे आमच्या धाकट्या बंधूंच्या मुलानें, परंतु एकत्र कुटुंबांत हा भेद कोण पाळतो?) याच रात्रीचें ध्वनिमुद्रण मिळविलें, व काकांच्या वाढदिवसास भेट द्यावें म्हणून तीन आठवडे खपून तें सुधारलें. तंट्याचें मूळ या ‘सुधारलें’ शब्दांत आहे. परंतु तें समजण्यास हीं ध्वनिमुद्रणें कशीं होत व सुधारतात कशीं, तें आधीं पाहिलें पाहिजे.

लोकांच्या हातीं स्वस्त व सुटसुटीत मुद्रणयंत्र आलें तें फिलिप्स कंपनीनें १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनांत कॅसेट मांडली तेव्हांपासून. तींतील फीत चार मिलिमीटरांहून अरुंद, आणि तिचा वेग सेकंदास पावणेपांच सेंटिमीटर. मुद्रणगृहांतील मोठ्या फिती सेकंदास ३८ सेंटिमीटरांनीं धांवत. अर्थात् जेथें मुद्रणगृहास ध्वनि लिहावयास पाटीभर जागा, तेथें या बिचाऱ्या यंत्रास नखाएवढी. तें यंत्र कोटाखालीं किंवा पिशवींत दडवावयाचें. दारावरील पहारेकऱ्याची नजर चुकवावयाची. मायक्रोफोन बाहींतून वर काढावयाचा. आणि मग दीड तास हालूं नये, बोलूं नये, टाळीही वाजवूं नये. म्हणजे जो त्या गायकाच्या पायीं सर्वांत अधिक वेडा, त्यानेंच सभेंत सर्वांत अधिक मख्ख बसावयाचें! शेजारी खोकला कीं तो खोकला कायमचा. पाऊण तासानें फितीची एक बाजू संपे. अंधारांत चांचपडत ती उलटी करीपर्यंत गाण्याचें एखादें कडवें निसटून जाई. अशा ध्वनिमुद्रणांत मध्येंच जो खळगा लागतो तो बहुधा याच क्षणाचा असतो, आणि जाणकार त्यावरून यंत्र कोणतें, कॅसेट साठची कीं नव्वदची, याचा अंदाज बांधतात.

यंत्राच्या स्वतःच्याही खोडी असत. पुष्कळ स्वस्त यंत्रांत आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी योजना होती. ढोलाचा घाव पडला कीं यंत्र घाबरून कान मिटून घेई, व गाणें संपतांच हळूहळू कान उघडी. त्यामुळें गायक दूर गेल्यासारखा व टाळ्या मात्र अंगावर आल्यासारख्या वाटतात. बॅटऱ्या उतरूं लागल्या कीं फीत मंदावे. मंद फितीवर घेतलेलें गाणें पुढें नेहमींच्या वेगानें वाजविलें म्हणजे तें धांवत सुटतें व चढ्या स्वरांत ऐकूं येतें. सहा टक्क्यांचा फरक पडला कीं काळी एकचा गवई पांढरी दोनमध्यें गाऊं लागतो! जलशाच्या आरंभीं खर्जदार वाटणारा गृहस्थ शेवटीं शेवटीं कोंवळ्या पोरासारखा किणकिणूं लागला, तर त्याचा दोष गळ्याकडे नसून बॅटरीकडे असतो.

पुढें हें ध्वनिमुद्रण एकाकडून दुसऱ्याकडे जाई. कोरी कॅसेट व परतीचें टपाल पाठवावें, पैसे घेऊं नयेत, असा या मंडळींचा संकेत. विकणाऱ्यास तीं आपल्या पंक्तीस बसूं देत नसत. प्रत्येक नकलेगणिक फितीचा खरखराट वाढे, वरचे बारीक स्वर झडत. म्हणून मूळ फितीस ‘मास्टर’, तिच्या नकलेस पहिली पिढी, नकलेच्या नकलेस दुसरी, असा हिशेब चाले व आजही चालतो. चांगल्या संग्राहकाकडील प्रतीसोबत तिची वंशावळ येते: कोणत्या यंत्रावर मुद्रण झालें, कोणत्या पिढीची फीत, कोणीं कोणत्या यंत्रानें संगणकावर उतरविली, त्यानंतर काय काय केलें. ती पाहून आमच्या वडिलांच्या देवघरांतील कुलवृत्तांताची आम्हांस आठवण झाली. गोत्र न सांगतां येणारी प्रत या समाजांत कोणी सहसा दारांत उभी करीत नाहीं. (हा त्यांचा सोवळेपणा आमच्या धाकट्या वहिनींस फार आवडला.)

आतां सुधारणा. तीच्या पहिल्या पायऱ्यांविषयीं कोणाचें दुमत होण्याचें कारण नाहीं. ज्याची फीत सर्वांत आधींच्या पिढीची, ती शोधून काढणें, ही अर्धी सुधारणा. मग ती वाजवितांना फितीवरून ध्वनि उचलणारें जें लहानसें हेड असतें, त्याचा कोन नीट बसवावयाचा. तो केसभर कलला तरी झांजेची झळक बोथट होते. मग वेग. येथें एक युक्ति आहे, ती ऐकून आम्हांस मोठें कौतुक वाटलें. इंग्लंडांतील विजेचा प्रवाह सेकंदास ५० आवर्तनांचा असल्यामुळें सभागृहांतील ध्वनिवर्धकांतून एक बारीक गुणगुणाट सतत येत असतो. गाण्याखालीं दबलेला तो गुणगुणाट संगणकावर शोधावयाचा. ५० च्या ठिकाणीं तो ५२ आढळला, तर आवाज चार टक्के भरधांव चालला आहे असें समजून तेवढा मंद करावयाचा. ज्या कटकटीनें मुद्रण बिघडलें, तीच अशा रीतीनें त्याची घटिकापात्र होते. पुढें एकाच रात्रीं दोघांनीं दोन कोपऱ्यांतून घेतलेलीं मुद्रणें सांपडलीं, तर एकाचा खळगा दुसऱ्यानें भरून काढतां येतो.

परंतु हल्लीं याच्या पुढची विद्या निघाली आहे. संगणकास हजारों गाणीं ऐकवून तयार केलें म्हणजे तो मिसळलेल्या ध्वनींतून गळा निराळा, ढोल निराळे, तंतुवाद्यें निराळीं अशीं वेंचून देतो. बीटल्स मंडळींच्या १९६९ सालच्या फितींवर हा प्रयोग झाला व २०२१ साली जगानें तो पाहिला. आतां तेंच सामर्थ्य आमच्या माडीवरील टेबलावर येऊन बसलें आहे. चिरंजीवांनीं त्याचा मनमुराद उपयोग केला. अर्ल्स कोर्टचा घुमारा काढला, रेटारेटीचा कोलाहल काढला, शिट्या व आरोळ्या काढल्या, दोन गाण्यांमधील गोंधळ कापून तेथें चार मुलायम टाळ्या ठेविल्या. बोवीचा गळा असा स्वच्छ केला कीं, तो आमच्या झोपाळ्यावर बसून गातो आहे कीं काय असा भास व्हावा.

वाढदिवशीं दुपारचें जेवण झाल्यावर सर्व मंडळी माडीवर जमली. बंधूंनीं डोळे मिटून ऐकावयास आरंभ केला. आम्हांस वाटलें, रंगले. दोन गाणीं झालीं, तिसरें झालें, आणि त्यांनीं डोळे उघडून विचारलें, “हें कुठलं रे?”

“अण्णाकाका, तुमचंच. अर्ल्स कोर्ट, बारा मे.”

“मी तिथें होतों,” बंधू म्हणाले. “हें तिथें झालं नाहीं.”

येथून शब्दास शब्द वाढला. चिरंजीवांचें म्हणणें असें कीं, काकांनीं पैसे मोजून जें ऐकूं आलें नाहीं, तें आपण त्यांस ऐकवीत आहोंत. यांत बिघडलें काय? बंधूंचें म्हणणें असें कीं, मला त्या माणसाचें गाणें ऐकावयाचें असतें तर मुद्रिका कपाटांत आहेत. मला ती रात्र पाहिजे होती. मग ते जरा थांबून म्हणाले, “तिसऱ्या गाण्यानंतर पुढचे लोक खुर्च्यांवर उभे राहिले, तेव्हां आमचा सोबती उठून भर सभेंत मराठींत ओरडला होता, ‘अहो, खालीं बसा की!’ आजूबाजूचे इंग्रज दचकून खरेच खालीं बसले. तें ह्यांत कुठें आहे?” तो सोबती तीन वर्षांपूर्वीं वारला. त्याचा आवाज आमच्यापैकीं कोणाकडेही नाहीं. त्याच्या घरींही नसावा. चिरंजीव मुकाट्यानें मूळ प्रत शोधावयास गेले, आणि पांच मिनिटांनीं परत आले ते उतरलेल्या तोंडानें. सुधारलेली प्रत तयार होतांच जागा अडते म्हणून त्यांनीं मूळ प्रत पुसून टाकली होती. पाठविणाऱ्या गृहस्थांचें सुधारणेपूर्वींचें टांचणही तिजबरोबरच गेलें होतें.

त्या रात्रीं घरांत कोणी फारसें बोललें नाहीं. आम्हीं मात्र या प्रकरणाचा निवाडा मनाशीं करूं लागलों, आणि आश्चर्य असें कीं, आमचें मन विलायतेस न जातां पुण्याच्या भांडारकर संस्थेकडे गेलें. महाभारताची चिकित्सक आवृत्ति काढण्याचें काम तेथें १९१९ साली आरंभलें तें १९६६ साली पुरें झालें. देशोदेशींचीं बाराशेंहून अधिक हस्तलिखितें गोळा केलीं. कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली याच्या वंशावळ्या मांडल्या. आणि जेथें श्लोक उघड उघड मागाहून घुसलेला दिसला तेथेंही डॉ. सुखटणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तो फेंकून दिला नाहीं, पृष्ठाच्या तळाशीं किंवा परिशिष्टांत जपून ठेविला. संपादकाचा अधिकार मोठा, पण तो पाठ निवडण्याचा; आपल्या पदरचा सुंदर श्लोक रचून घालण्याचा नव्हे. आमच्या मतें वेग सुधारणें, कोन बसविणें, खळगा दुसऱ्या प्रतीनें भरणें व तसें लिहून ठेवणें, हें सर्व संपादन होय. कोलाहलाच्या जागीं मुलायम टाळ्या घालणें ही नवी रचना झाली. ती करण्यास कोणाची मनाई नाहीं, परंतु तिजवर १२ मे १९७३ ही तारीख घालूं नये. आणि पोथी सुवाच्य उतरून झाली म्हणून मूळ भूर्जपत्र चुलींत घालणाऱ्यास काय म्हणावें, हें आम्हीं पुतण्याच्या प्रेमामुळें येथें लिहीत नाहीं.

कोणी म्हणेल, अधिकृत ध्वनिमुद्रणें असतांना या चोरट्या फितींचें एवढें प्रस्थ कशास? त्यास उत्तर असें कीं, अधिकृत म्हणविणारेही कांहीं कमी पुसत नाहींत. बी.बी.सी.नें त्या वर्षांतील आपल्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ कार्यक्रमाच्या कितीतरी फिती पुसून पुन्हां वापरल्या. जानेवारी १९७३ मधील बोवीचें तेथील एक गाणें असेंच गेलें म्हणून सर्वांनीं सोडून दिलें होतें. तें २०११ साली सांपडलें, कारण त्या वेळच्या एका छायाचित्रकारानें आपल्यापुरती एक प्रत घरीं ठेविली होती. झिग्गीचें सोंग बोवीनें ३ जुलै १९७३ रोजीं हॅमरस्मिथ ओडियन येथें भर रंगभूमीवर कायमचें उतरविलें. साथीदारांपैकीं दोघांस ती गोष्ट श्रोत्यांबरोबरच कळली. त्या रात्रीचा चित्रपट झाला खरा, परंतु अखेरीस येऊन गिटार वाजवून गेलेला पाहुणा जेफ बेक चित्रपटगृहांत आलेल्या आवृत्तींतून गळला, व पन्नास वर्षांनीं, २०२३ साली, परत जोडला गेला. टी. रेक्सच्या वेम्बली येथील १८ मार्च १९७२ च्या दोन्ही खेळांचेंही तसेंच. बीटल्सपैकीं रिंगो स्टार यानें त्यांवरून केलेला चित्रपट त्याच वर्षीं निघाला, पण ते खेळ संपूर्ण बाहेर यावयास २००५ साल उजाडलें. आणि हे तर भाग्यवान जलसे. ज्या गांवोगांवच्या रात्रींस ना चित्रपट ना मुद्रणगृहाची मोटार, त्यांस साक्षीदार एकच, कोटाखालचें तें यंत्र.

हा उद्योग कॅसेटीपासूनच सुरू झाला असेंही नव्हे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरामध्यें लायनेल मेपलसन नांवाचे ग्रंथपाल होते. त्यांनीं १९०१ ते १९०३ या काळांत एडिसनचें यंत्र व भलामोठा कर्णा रंगभूमीच्या वर चढवून, चालू खेळांतील गाणीं मेणाच्या नळकांड्यांवर दोनदोन मिनिटें टिपून ठेविलीं. त्यांत घसघस इतकी कीं नवख्यास फक्त वादळ ऐकूं यावें. तरी जाँ द रेश्के या त्या काळच्या थोर गायकाचा गळा आज कसा तरी कानीं पडतो तो तेवढ्यामुळेंच. आमच्याकडे भास्करबुवा बखल्यांच्या वेळीं असा एखादा उपद्व्यापी ग्रंथपाल निपजला असता तर! बुवा १९२२ साली गेले. त्यांचें एकही ध्वनिमुद्रण नाहीं. ज्यांनीं ऐकलें ते सांगत राहिले, आणि तेही आतां नाहींत. बुवांच्या एका तानेसाठीं आम्ही सभेंतील सर्व खोकले आनंदानें सोसले असते.

कायद्याचा प्रश्न उरतोच. कलावंताच्या संमतीवांचून त्याच्या प्रयोगाचें मुद्रण करून व्यवहार करण्यास इंग्लंडांत १९२५ पासून बंदी आहे, आणि चोरट्या मुद्रिका विकून गबर झालेल्यांविषयीं आम्हांस लवमात्र सहानुभूति नाहीं. परंतु फुकट देवघेव करणाऱ्यांकडे कित्येक कलावंतांनींच पुढें डोळेझांक केली. क्वीनच्या मंडळींनीं तर २००४ साली श्रोत्यांच्या अशा मुद्रणांतून निवड करून तीं स्वतःच रसिकांस देऊं केलीं. ज्याच्या घरीं चोरी झाली त्यानेंच चोरास दुकान घालून द्यावें, यांतला प्रकार! आमचें मत एवढेंच कीं, जें विकत मिळतें तें विकत घ्यावें, व जें कोठेंच मिळत नाहीं तें जपावें.

असो. चिरंजीवांनीं ज्यांच्याकडून ती प्रत घेतली होती, त्या उत्तर इंग्लंडांतील वयोवृद्ध गृहस्थांस दुसऱ्या दिवशीं क्षमापत्र लिहिलें. चौथ्या दिवशीं मूळ प्रत वंशावळीसह आली. सोबत खरमरीत चार ओळी होत्या, त्या चिरंजीवांनीं आम्हांस वाचूं दिल्या नाहींत. या खेपेस त्यांनीं फक्त वेग सुधारला. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत फीत तीन टक्क्यांनीं चढत गेली होती, ती सरळ केली, आणि दुसऱ्या कशास हात लाविला नाहीं.

रविवारीं पुन्हां माडीवर बैठक भरली. खरें सांगावयाचें तर आम्हांस गाण्यांतलें फारसें कांहीं कळलें नाहीं. एखाद्या मोठ्या घागरींत तोंड घालून कोणी ओरडावें, तसा तो सर्व प्रकार होता. बंधू मात्र पुढें वांकून, दोन्ही हातांनीं कानांवरचे श्रवणयंत्र दाबून धरून, एखाद्या परीक्षार्थीसारखे बसले होते. तिसरें गाणें संपलें. आरडाओरड, खुर्च्यांचा खडखडाट, एका बाईचें हंसणें. बंधूंनीं हात वर केला.

“मागें घे.”

चिरंजीवांनीं मागें घेतलें. पुन्हां खडखडाट, पुन्हां तें हंसणें, आणि त्याच्या पाठीमागें, फार दूरवर, कोणाचा तरी जाड पुरुषी आवाज. बंधू म्हणाले, “हाच.” आम्हीं तीन वेळां ऐकलें. आम्हांस एक ‘सा’ ऐकूं आल्यासारखा वाटला. चिरंजीवांस ‘बस’ वाटलें. वहिनी म्हणाल्या, तो कोणी इंग्रजच असेल. बंधूंनीं कोणाशीं वाद घातला नाहीं. त्यांनीं तो तुकडा आणखी एकदां लावावयास सांगितला, आणि तो संपल्यावर वर्तमानपत्र उघडून बसले.

संध्याकाळीं चिरंजीव प्रतीची वंशावळ लिहीत होते. कोठून आली, वेग किती सुधारला, हें सर्व झाल्यावर त्यांनीं खालीं एक ओळ घातली: अमुक मिनिटास, श्रोत्यांपैकीं एकाची मराठींत आरोळी, जलशास हजर असलेल्या गृहस्थांच्या सांगण्यावरून. बंधू चष्मा लावून मागें येऊन उभे राहिले, ओळ वाचली, आणि म्हणाले, “मराठींत नव्हे रे. कोल्हापुरींत लिही.”